मास फ्लो मीटर: आधी झीरो, मग फॅक्टर

सरकीच्या तेलाचा टँकर भरून वजनकाट्यावर जातो, काट्याची पावती हातात येते आणि लाइनवरच्या मास फ्लो मीटरच्या, म्हणजे किती किलो तेल गेलं ते मोजणाऱ्या मीटरच्या, आकड्याशी ती जुळत नाही. मग डिस्पॅचमधून फोन येतो, "भाऊ, मीटर खोटं बोली ऱ्हायनं." जळगाव, धुळे, दोंडाईचा, शिरपूर या पट्ट्यातल्या तेल गिरण्या आणि रिफायनऱ्यांत मी वीसेक वर्षं इन्स्ट्रुमेंटचं काम करतोय. असा फोन आला की बहुतेक ठिकाणी कुणीतरी मीटरच्या मेन्यूत शिरतं आणि मीटर फॅक्टर, म्हणजे वाचनाला ज्याने गुणलं जातं तो आकडा, बदलतं. त्या दिवशी आकडा जुळतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा चुकतो, पुन्हा फॅक्टर बदलला जातो, आणि सहा महिन्यांनी मूळ फॅक्टर काय होता हे कुणालाच सांगता येत नाही.

फॅक्टर ही हात लावायची शेवटची जागा आहे. त्याआधी काय काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने, ते इथे लिहितोय. उदाहरण तेलाचं घेतलंय, पण दूध, मळी, आम्ल किंवा काकवी यांच्या लाइनवरही पद्धत हीच.

किलोच का मोजायचे

खानदेशात तेलाचा धंदा जुना. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. या भागात तेल लिटरवर मोजायला गेलं की घोळ होतो, कारण इथला पारा. जानेवारीत धुळ्याला पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला पंचेचाळीस ओलांडतो. सरकीच्या तेलाची घनता २० अंशांना घनमीटरमागे साधारण ९१८ ते ९२६ किलो असते, आणि तापमान एका अंशाने वाढलं की ती अंदाजे ०.७ किलोने घटते. टाकीतलं तेल ३० अंशांनी तापलं तर घनता वीस-एकवीस किलोंनी उतरते. १६ हजार लिटरच्या टँकरमध्ये हा फरक तीनशे किलोंच्या वर जातो. लिटर तेवढेच, तेल कमी. वस्तुमान मोजणाऱ्या मीटरला या उन्हाळ्या-हिवाळ्याशी घेणं-देणं नसतं, म्हणून त्याची किंमत मोजणं परवडतं.

आत काय चाललेलं असतं

हे समजून घ्याच, कारण पुढची प्रत्येक पायरी यावर उभी आहे. मीटरच्या पोटात बहुतेक वेळा दोन वाकवलेल्या नळ्या असतात. मधली ड्राइव्ह कॉइल त्यांना चिमट्याच्या दोन पात्यांसारखं आत-बाहेर थरथरत ठेवते. प्रवाह नसताना नळीचं आत येणारं टोक आणि बाहेर जाणारं टोक एकाच वेळी हलतात. तेल वाहू लागलं की येणारी बाजू किंचित मागे पडते आणि जाणारी बाजू किंचित पुढे जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिसने १८३५ मध्ये मांडलेला परिणाम तो हाच. दोन्ही टोकांच्या पिकअप कॉइल हा वेळेतला फरक पकडतात. तो मायक्रोसेकंदांत असतो आणि ताशी किती किलो जातंय याच्या थेट प्रमाणात असतो. नळ्या किती वेगाने थरथरतात त्यावरून घनता कळते: द्रव जड तर कंपनं कमी. तापलेली नळी थोडी लवचीक होते, तो हिशेब धरायला आत तापमानाचा सेन्सरही असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रवाह शून्य असतानाही हा वेळेचा फरक अगदी शून्य कधीच नसतो. नळ्यांची घडण, फ्लॅंजवरचा (पाइप जोडायच्या बोल्टच्या चकतीवरचा) ताण, द्रवाचं तापमान या सगळ्यांमुळे थोडा फरक उरतोच. "एवढा फरक म्हणजे प्रवाह नाही" असं मीटरला एकदा सांगून ठेवणं, यालाच झीरो करणं म्हणतात. म्हणजे झीरो हा कारखान्यातून येणारा कायमचा आकडा नव्हे. तुमच्या पाइपला, तुमच्या सपोर्टवर, तुमच्या तेलाबरोबर मीटर कसं बसलंय यावर तो ठरतो.

बसवताना

नळ्या सतत भरलेल्या राहिल्या पाहिजेत, एवढं धरून चाला. द्रवासाठी वाकलेल्या नळ्या पाइपच्या खाली लोंबत्या ठेवा, नाहीतर मीटर उभ्या पाइपमध्ये बसवा आणि प्रवाह खालून वर न्या. लाइनच्या सगळ्यात उंच जागी मीटर टाकलं तर हवा तिथेच जमते. टँकरमध्ये सरळ पडणाऱ्या पाइपवर ते असेल तर नळ्या अर्ध्या रिकाम्या राहतात. कंट्रोल वॉल्व्ह मीटरच्या पुढे, म्हणजे टँकरच्या बाजूला घ्या. त्याने मीटरमध्ये दाब टिकतो. टर्बाइन किंवा मॅग्नेटिक मीटरला लागतो तसा लांब सरळ पाइप याला लागत नाही, त्यामुळे जागेची अडचण सहसा येत नाही.

ताणाचा प्रश्न मात्र मोठा आहे. दोन फ्लॅंजमध्ये अर्धा इंच फट आहे आणि फिटर पान्याने बोल्ट आवळून ती मिटवतोय, असं दिसलं की काम तिथेच थांबवा. तो ताण मीटरच्या नळ्यांवर जातो आणि झीरो कधीच स्थिर राहत नाही. पाइपला दोन्ही बाजूंनी फ्लॅंजच्या जवळ सपोर्ट द्या. मीटरच्या अंगाला सपोर्ट देऊ नका आणि मीटरवर पाइपचं वजन येऊ देऊ नका.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते: काळी माती. तापीकाठची कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एका गिरणीत दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मीटर बिघडायचं आणि दिवाळीनंतर आपोआप सुधारायचं. ट्रान्समीटर (मीटरचा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलला, केबल बदलली, तरी तेच. शेवटी एका पावसाळ्यात मी लाइनखाली बसून ओळंबा धरला. मीटरच्या अलीकडच्या सपोर्टचा काँक्रीट ठोकळा चांगला बोटभर वर आला होता आणि पलीकडचा जागेवरच होता. मुरूम लागेपर्यंत खोदून दोन्ही सपोर्टचे पाये नव्याने घेतले, फ्लॅंज मोकळे करून पुन्हा ताण न येता जोडले, झीरो केला. त्यानंतरचे पावसाळे त्या मीटरने निमूट काढले. तुमचं मीटर ऋतूप्रमाणे बदलत असेल तर मेन्यूच्या आधी जमिनीकडे बघा.

विजेचं थोडक्यात: सिग्नल केबल मोटर आणि ड्राइव्हच्या पॉवर केबलपासून लांब न्या, तिची शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, अर्थ पिटला उन्हाळ्यात पाणी घाला, ग्लॅंड घट्ट ठेवा. सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेक्झेनची पेट घेणारी वाफ असते. तिथे वीज चालू ठेवून ट्रान्समीटरचं झाकण उघडायचं नाही. परमिट घ्या, सप्लाय बंद करा, मग उघडा.

झीरो करण्याआधी झीरो बघणं

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. थेट ऑटो झीरोचं बटण दाबलं की जुना आकडा गेला आणि चूक किती होती याचा पुरावाही गेला.

मीटरला किमान अर्धा तास वीज असू द्या. नेहमीच्या प्रवाहाने, नेहमीच्या तापमानाचं तेल दहा-पंधरा मिनिटं वाहू द्या. मीटरवर तापमान आणि घनता स्थिर झालेली दिसली पाहिजे. ड्राइव्ह गेनही बघा. नळ्या थरथरत्या ठेवायला मीटरला किती जोर लावावा लागतोय, ते हा आकडा सांगतो. स्वच्छ तेलात तो कमी असतो आणि हलत नाही. तो उड्या मारत असेल किंवा शंभराला टेकला असेल तर तेलात हवा आहे. तशा स्थितीत झीरो करण्यात काहीच अर्थ नाही.

आता पंप चालू ठेवूनच पुढचा वॉल्व्ह बंद करा, मग मागचा, मग पंप. या क्रमाने नळ्या दाबाखाली भरलेल्या राहतात. वॉल्व्ह खरंच बंद झालेत का? टँकरच्या बाजूचा पाइप मोकळा करून तोंडाला हात लावा. थेंब पडत असेल तर प्रवाह आहे, मीटर बरोबर सांगतंय, आणि तुम्ही त्या थेंबालाच शून्य ठरवायला निघालात.

मग लो फ्लो कटऑफ तात्पुरता शून्य करा. कटऑफ म्हणजे "इतक्या किलोंच्या खाली प्रवाह गेला की ० दाखव" अशी आज्ञा. ती चालू असेपर्यंत मीटर तीस-चाळीस किलोंची चूक पोटात घालून डिस्प्लेवर ठणठणीत ० दाखवतं. कटऑफ काढला की खरा आकडा दिसतो. दोन-तीन मिनिटं तो बघा आणि सरासरी वहीत लिहा, अधिक-उणे चिन्हासकट.

हा आकडा मीटरच्या माहितीपत्रकातल्या झीरो स्टॅबिलिटीशी, म्हणजे झीरो मुळातच जेवढा हलू शकतो त्या आकड्याशी, ताडून बघा. तो त्याच्या आसपास असेल तर झीरो चांगला आहे, त्याला हात लावू नका. बराच मोठा असेल तरच ऑटो झीरो द्या. तो चालू असताना लाइनवर कुणी हातोडा मारू नये, शेजारचा पंप सुरू करू नये. झाल्यावर पुन्हा वाचन घ्या. मी तीनदा करतो. तीनही वेळा निकाल जवळजवळ सारखा आला तरच तो मानायचा. दर वेळी वेगळा येत असेल तर कारण बाहेर आहे: गळका वॉल्व्ह, हवा, कंप किंवा ताण.

हे सगळं आटोपशीर वेळेत उरका. दोन बंद वॉल्व्हमध्ये अडकलेलं तेल मे महिन्याच्या उन्हात तापलं की फुगायला जागा मिळत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. गॅस्केट फुटायला तेवढं पुरतं. जेवणाच्या सुट्टीत लाइन तशीच बंद सोडून जाऊ नका. काम झालं की वॉल्व्ह हळूहळू उघडा आणि कटऑफ आठवणीने परत भरा. नेहमीच्या सगळ्यात कमी प्रवाहाच्या बराच खाली, पण झीरोच्या हलण्याच्या वर, अशा जागी तो बसवायचा.

दोन वेगांची चाचणी

झीरो आणि फॅक्टर यांच्या चुका वेगळ्या ओळखता येतात, आणि त्यासाठी कुठलंही महागडं उपकरण लागत नाही. झीरोची चूक ताशी ठरावीक किलो असते, प्रवाह कमी असो वा जास्त. फॅक्टरची चूक ठरावीक टक्के असते.

समजा झीरो ताशी ४० किलोंनी जास्त आहे. ताशी २० टनांनी १० टन भरायला अर्धा तास लागतो, मीटर २० किलो जास्त दाखवेल, म्हणजे ०.२ टक्के. तेच १० टन ताशी ४ टनांनी भरले तर अडीच तास लागतात, मीटर १०० किलो जास्त दाखवेल, म्हणजे १ टक्का. तेल तेच, टँकर तोच, चूक पाचपट. फॅक्टर चुकला असता तर दोन्ही वेळा टक्केवारी सारखी आली असती.

म्हणून एकदा पूर्ण वेगाने आणि एकदा वॉल्व्ह दाबून, असे दोन टँकर भरा आणि दोन्ही काट्यावर तोला. हळू भरताना टक्केवारी वाढली तर मागे जा, झीरो बघा. सारखी राहिली, आणि सलग पाच-सहा टँकरांत त्याच दिशेला राहिली, तरच फॅक्टरचा विचार करा.

काट्याशी जुळवताना

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी मलाही बरीच वर्षं माहीत नव्हती. काटा हवेत तोलतो. तेल टँकरमध्ये जाताना तेवढीच हवा बाहेर ढकलतं आणि त्या हवेइतकं उचललं जातं. हवेची घनता घनमीटरला साधारण १.२ किलो. काटा लोखंडी वजनांवर बेतलेला असतो, ती कमी हवा ढकलतात. हा सगळा हिशेब धरला तर तेलाच्या बाबतीत काटा खऱ्या वस्तुमानापेक्षा सुमारे ०.१२ टक्के कमी दाखवतो. मीटर मात्र वस्तुमानच मोजतं.

काट्याचं निव्वळ वजन आलं १५,९८० किलो, मीटरवर १६,०१०. फरक ३० किलो, लगेच आरडाओरड. पण १५,९८० मध्ये हवेची साधारण १९ किलोंची भर घातली तर १५,९९९ होतात. खरा फरक उरला ११ किलो, म्हणजे ०.०७ टक्के. काट्याचा एक भाग १० किलोंचा असेल, तर रिकामा आणि भरलेला अशी दोन वजनं घेताना एवढा फरक त्याच्याच पोटात बसतो. अशा मीटरला मी हात लावत नाही. व्यवहार काट्याच्या वजनावर ठरला असेल तर ही दुरुस्ती पीएलसीच्या (प्लांट चालवणाऱ्या कंट्रोल संगणकाच्या) हिशेबात वेगळी नोंदवून घ्या, मीटरमध्ये नको.

तरीही फॅक्टर बदलायचाच ठरला तर हिशेब सोपा आहे: खरं वस्तुमान भागिले मीटरने दाखवलेलं, आणि त्याला आधीच्या फॅक्टरने गुणायचं. सहा टँकरांची एकत्र बेरीज घेऊन काढा, एका टँकरवर नको. काट्याचं त्या वर्षीचं मुद्रांकन झालेलं आहे ना, तेही आधी बघा. आणि मीटरच विक्रीसाठी वापरात असेल, त्यावर वैधमापन शास्त्र विभागाचं सील असेल, तर सील तोडून स्वतः काहीही करू नका. तिथे अर्ज आणि फेरतपासणी हाच मार्ग.

आउटपुट: मीटर बरोबर, पडदा चूक

कितीदा तरी मीटरच्या डिस्प्लेवर बरोबर आकडा असतो आणि कंट्रोल रूममध्ये वेगळाच. ट्रान्समीटरमध्ये ० ते २० टनांची रेंज आहे आणि पीएलसीत कुणी ० ते २५ भरलीय. प्रत्यक्ष १० टन वाहतंय, मीटर १२ मिलिअँपिअर करंट पाठवतं (४ म्हणजे शून्य, २० म्हणजे पूर्ण रेंज), पीएलसी त्याचे साडेबारा टन वाचते. तपासायला मीटरमधून ४, १२ आणि २० मिलिअँपिअर जबरदस्तीने पाठवा आणि पडद्यावर शून्य, मधोमध आणि पूर्ण रेंज दिसतेय का बघा. लूपमध्ये, म्हणजे या करंटच्या तारांत, मल्टिमीटर लावून एकदा करंटही मोजा. हार्ट कम्युनिकेटर (त्याच तारांवरून मीटरशी बोलणारं हातातलं यंत्र) बोलत नसेल तर लूपमध्ये २५० ओहमचा रोध आहे का ते पहा, बहुधा तोच नसतो.

एकूण किती तेल गेलं हे मोजायला मिलिअँपिअर वापरू नका. त्यासाठी पल्स आउटपुट घ्या, एका पल्सला एक किलो किंवा त्याहून बारीक. पल्स मोजण्यात रेंजची भानगड नसते.

टँकर भरताना जास्त का जातं

ताशी २० टन म्हणजे सेकंदाला साडेपाच किलो. वॉल्व्हला बंद व्हायला तीन सेकंद लागत असतील तर आठ-दहा किलो तेवढ्यातच जास्त जातात. डॅम्पिंग वाढवून ठेवलं असेल तर त्यात भर. डॅम्पिंगने आकडा शांत दिसतो, पण प्रत्यक्ष घडल्यानंतर उशिरा कळतं. दाखवण्यापुरत्या लाइनवर पाच-सात सेकंद चालतील, टँकर भरण्याच्या लाइनवर एक सेकंदाच्या आत ठेवा. शेवटचे दोन-तीनशे किलो वॉल्व्ह अर्धा दाबून भरा आणि पीएलसीत आधीच बंद करण्याचे किलो, सलग दहा टँकरांचा अनुभव घेऊन भरा.

हवा आणि चिकटा

टाकी तळाला आली की पंप हवा ओढतो. ड्राइव्ह गेन उसळतो, घनता नऊशेवरून एकदम खाली कोसळते आणि प्रवाह भलतंच काही दाखवतो. त्या क्षणीचे किलो भरवशाचे नसतात. टाकीच्या कमी पातळीवर पंप बंद होईल असं इंटरलॉक घ्या. पंपाच्या सक्शनचं गळकं ग्लॅंडही हवा ओढतं, ते बाहेरून दिसत नाही कारण तेल बाहेर येत नाही. त्यावर थोडं तेल ओता. ते आत खेचलं गेलं तर चोर सापडला.

थंडीत उलटं होतं. सरकीच्या तेलातला घट्ट भाग थंडीत गोठू लागतो आणि नळीच्या आतून थर धरतो. कच्च्या तेलातला गोंद वर्षभर धरतो. अशा वेळी घनता हळूहळू चढते, ड्राइव्ह गेनही चढतो, झीरो सरकतो. लाइनला कोमट पाण्याचं किंवा वाफेचं ट्रेसिंग (पाइपला लागून ऊब देणारी नळी) असेल तर मीटरलाही गुंडाळा, फक्त ट्रान्समीटर उष्णतेपासून बाहेर ठेवा. साफ करताना तार किंवा सळई आत घालायची नाही. गरम तेल फिरवा, तेवढ्याने बहुतेक वेळा थर सुटतो. घनता पडताळायला लाइनमधलं तेल घेऊन हायड्रोमीटर लावा, तापमान त्याच क्षणीचं लिहा.

वही

मीटरच्या पॅनलच्या दारात एक वही बांधून ठेवा. पहिल्या पानावर कारखान्यातून आलेले आकडे: फ्लो फॅक्टर, घनतेचे आकडे, रेंज, कटऑफ, डॅम्पिंग, पल्सची किंमत. त्यापुढे दर महिन्याला चार गोष्टी: कटऑफ काढून दिसलेला झीरो, ड्राइव्ह गेन, घनता, तापमान. काही बदललं तर जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि बदलणाऱ्याची सही. मेन्यूला पासवर्ड किंवा राइट प्रोटेक्ट लावा आणि तो दोनच माणसांकडे ठेवा. त्या पावसाळ्यात सपोर्ट वर आलाय हे मला ओळंब्याने दाखवलं खरं, पण ओळंबा धरायची बुद्धी झाली ती आधीच्या माणसाने तीन वर्षं लिहिलेल्या झीरोच्या आकड्यांमुळे. जून ते ऑगस्ट ते दर वर्षी एकाच दिशेला सरकलेले होते.